आजीची पेन्शन वाढली की घरात काय बदलते?

रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर काही ठरलेले प्रश्न विचारतात. गोळी रोज घेता का, जेवणात मीठ किती, चक्कर येते का, रात्री झोप लागते का. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांतून येणाऱ्या साठी-सत्तरीच्या रुग्णांना मी त्यात आणखी एक प्रश्न घालतो. निराधारचे पैसे येतात का, आणि आले तर कोणाच्या हातात पडतात? सोबत आलेला मुलगा किंवा सून जरा बिचकते. दवाखान्यात पैशाची चौकशी कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसते. पण गोळी महिनाभर चालेल की पंधरा दिवसांत बंद पडेल, हे बऱ्याचदा या एका उत्तरावरून कळते.

पेन्शन वाढली की वर्तमानपत्रांत सरकारी तिजोरीवर किती बोजा पडला याची चर्चा होते. घरात काय बदलले, याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या खात्यात दरमहा नेमाने येणारी रक्कम शेतात कोण जाणार, पुण्या-नागपूरला कोण जाणार, लहान पोरांना कोण सांभाळणार आणि आई कोणत्या मुलाकडे राहणार, या सगळ्यांवर परिणाम करते. म्हणून या वाढीकडे दानधर्म म्हणून पाहू नये, असे मला वाटते. ती सगळ्या घराची तब्येत ठरवते.

वाढ किती, आणि खरी किती?

आपल्याकडे गावात ज्याला सरसकट ‘निराधार’ म्हणतात त्यात दोन-तीन योजना एकत्र मिसळलेल्या असतात. विधवा, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ६५ वर्षांवरील गरीब वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना याच पैशात मिसळून येते. केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयासाठी महिना २०० रुपये आणि ८० वर्षांनंतर ५०० रुपये. बाकीची भर राज्य सरकार घालते.

राज्याने ही रक्कम २०१९ मध्ये ६०० वरून १,००० रुपये केली आणि जुलै २०२३ मध्ये १,५०० रुपये केली. म्हणजे चार वर्षांत अडीच पट. ऐकायला मोठी वाढ वाटते. पण आकडा मोजायचा तर मजुरीच्या मापाने मोजावा, कारण खेड्यात प्रत्येक रुपयाची तुलना रोजीशीच होते.

२०१९-२० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०६ रुपये होती. १,००० रुपये म्हणजे जवळजवळ पाच दिवसांची मजुरी. २०२३-२४ मध्ये मजुरी २७३ रुपये झाली होती. तोवर त्याच १,००० रुपयांचे मोल पावणेचार दिवसांच्याही खाली आले होते. १,५०० झाल्यावर ते साडेपाच दिवसांवर गेले. २०२५-२६ मध्ये मजुरी ३१२ रुपये झाली आणि पेन्शन पुन्हा पाच दिवसांच्या आत आली. थोडक्यात, २०१९ मध्ये पेन्शन जेवढ्या दिवसांच्या मजुरीएवढी होती, २०२५ मध्येही जवळपास तेवढ्याच दिवसांची राहिली. मधल्या काळात म्हाताऱ्या माणसाने हळूहळू कमी होत जाणारे पैसे पाहिले, मग एकदम वाढलेले पाहिले, मग पुन्हा कमी होत जाणारे. औषधाचा डोस असा वरखाली करत दिला तर कोणताही डॉक्टर आक्षेप घेईल.

काम कोण सोडते, कोण धरते?

‘फुकट पैसे मिळाले की लोक काम सोडतात’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात चहाच्या टपरीवर रोज ऐकू येते. कापूस वेचायला बाया मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पण कोणी काम सोडले ते तरी पाहू.

सत्तरीची बाई कपाशीत जाते तेव्हा दिवसभर वाकून असते. पोटाशी बांधलेल्या ओटीत कापसाचे वजन वाढत जाते. पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे बसायची सोय नसते. गुडघे झिजलेले असतात, कंबर धरलेली असते. मग ती दुकानातून दुखण्याची गोळी आणते. आज एक, उद्या दोन, वेचणीच्या दिवसांत रोज. या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. ऊन असेल, पाणी कमी प्यायलेले असेल आणि रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असेल, तर धोका आणखी वाढतो. कामावर जाता यावे म्हणून घेतलेली गोळी अशी हळूहळू आजार वाढवत नेते. महिन्यातून पाच रोज्या कमी करता आल्या तर त्या बाईला पाच दिवस गुडघ्यांना विश्रांती मिळते आणि त्या दिवसांची गोळीही टळते. याला आळस कोण म्हणेल? वृद्धापकाळाच्या पेन्शनचा उद्देशच तो आहे.

भारतात या विषयावर कोलंबिया विद्यापीठाच्या प्राध्यापक नीरज कौशल यांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा विस्तार झाल्यावर काय झाले, हे त्यांनी तपासले. कमी शिकलेल्या वयस्क पुरुषांच्या कामात थोडीशी घट दिसली, तशाच स्त्रियांच्या कामात फरक दिसला नाही. आणि घरांनी हे जादा पैसे मुख्यतः खर्च केले औषधोपचारावर आणि शिक्षणावर. टपरीवरच्या चर्चेत हा भाग कधी येत नाही.

दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. वर्णभेदाची राजवट संपत आली तेव्हा, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तिथल्या कृष्णवर्णीय वृद्धांची पेन्शन गोऱ्यांच्या बरोबरीला आणली गेली. तिथल्या मिळकतीच्या मानाने ती रक्कम बरीच मोठी होती. सुरुवातीच्या एका अभ्यासात असे दिसले की, पेन्शनर असलेल्या घरातले तरुण पुरुष कमी काम करतात. झाले, ‘आळस वाढतो’ असा निष्कर्ष निघाला. पण पुढे क्वाझुलू-नाताल भागातल्या संशोधकांनी त्याच घरांचा काही वर्षे पाठपुरावा केला आणि घर सोडून कामासाठी बाहेरगावी गेलेल्यांचीही मोजणी केली. तेव्हा चित्र उलटे निघाले. आजी-आजोबांना पेन्शन लागली की तरुण माणसे कामाच्या शोधात बाहेर पडत होती. प्रवासाचे आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाचे पैसे पेन्शनमधून निघत होते आणि मागे राहिलेल्या मुलांना आजी सांभाळत होती. पहिल्या तपासणीत फक्त घरात हजर असलेली माणसे मोजली गेली होती, म्हणून निदान चुकले.

आपल्याकडे हे ओळखीचे वाटेल. देवळी, सेलू, समुद्रपूर भागातल्या कितीतरी घरांत मुलगा बुटीबोरीच्या कारखान्यात किंवा पुण्यात असतो, सून शेतावर जाते आणि तीन वर्षांचा नातू आजीच्या मागे मागे फिरतो. आजीचे काम कुठल्याच हजेरीपत्रकात लिहिले जात नाही. पण ती मजुरीला गेली तर सुनेची रोजी बुडते. आजी अंथरुणाला खिळली तर सुनेची रोजी तर बुडतेच, शिवाय कधी कधी मुलालाही परत यावे लागते. पक्षाघाताचा एक झटका दोन माणसांचे काम बंद पाडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आणि पक्षाघात टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रक्तदाबाची रोजची गोळी.

कोण कोणाजवळ राहते?

पेन्शन वाढली की म्हातारी माणसे वेगळी राहायला लागतील, कुटुंब मोडेल, अशी भीती काही जणांना वाटते. अमेरिकेत तसे काही प्रमाणात झाले. तिथे १९७२ मध्ये सामाजिक सुरक्षेची रक्कम एका झटक्यात २० टक्क्यांनी वाढली आणि १९७५ पासून ती महागाईशी जोडली गेली. तिथल्या संशोधनात असे दिसले की, पेन्शन वाढली तशा विधवा आणि घटस्फोटित वृद्ध स्त्रिया स्वतंत्र राहू लागल्या. त्यांना ते हवे होते आणि आता परवडू लागले होते.

पण दक्षिण आफ्रिकेत, म्हणजे आपल्यासारख्या गरीब आणि मोठ्या कुटुंबांच्या समाजात, तसे झाले नाही. एडमंड्स, मॅमेन आणि मिलर या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवले की, पेन्शन सुरू झाल्यावर वृद्धांनी वेगळे बिऱ्हाड केले नाही. घरातली माणसे मात्र बदलली. बाहेर जाऊन कमावू शकणाऱ्या वयाच्या स्त्रिया घरात कमी झाल्या आणि पाच वर्षांखालची मुले व तरुण आया वाढल्या. म्हातारीचे घर एकटे पडण्याऐवजी नातवंडांचे झाले.

मग एक प्रश्न उरतो. पेन्शन आजीच्या हातात असली काय आणि आजोबांच्या हातात असली काय, फरक पडतो का? पडतो. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एस्थर डुफ्लो यांनी दक्षिण आफ्रिकेतल्याच घरांचा अभ्यास केला. पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींचे वजन आणि उंची सुधारलेली दिसली. आजोबांना मिळत असेल तर तसा परिणाम दिसला नाही. सगळ्या आजोबांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. पण पासबुक कोणाजवळ आहे, हा प्रश्न डॉक्टरने का विचारावा, याचे उत्तर यात आहे.

आपल्याकडे आणखी एक रीत आहे. आई सहा महिने थोरल्याकडे आणि सहा महिने धाकट्याकडे. भावांच्या दृष्टीने ही न्यायाची वाटणी. आईच्या तब्येतीच्या दृष्टीने मात्र गडबड. कागदांची फाईल एका घरी राहते, गोळ्या दुसऱ्या घरी संपतात, नव्या गावात कोणता डॉक्टर पाहतो हे कोणाला माहीत नसते. ज्या आईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येतात ती निदान ‘मला आर्वीलाच राहायचे आहे, माझा दवाखाना तिथे आहे’ असे म्हणू शकते. १,५०० रुपयांत वेगळे घर चालत नाही. पण आपले म्हणणे मांडायचा धीर त्यातून येतो.

‘पेन्शन येते म्हणून ठेवतात म्हातारीला’ असे लोक कुजबुजतात. समजा, कुठे तसे असेलही. पण जिच्यामुळे घरात किराणा येतो तिच्याशी घर जरा जपून बोलते, हेही खरे आहे. मान पैशाने मिळू नये हे बरोबर. पण पैसे नसताना गेलेला मान पैसे आल्यावर परत मिळाला, तर त्याला मी नावे ठेवणार नाही.

एकाच गावातले दोन म्हातारे

पुलगाव घ्या. एका बाजूला केंद्रीय दारूगोळा भांडार, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली कापड गिरणी. भांडारातून निवृत्त झालेल्या नागरी कर्मचाऱ्याला केंद्र सरकारची पेन्शन असते. २०१६ पासून तिची किमान मूळ रक्कम ९,००० रुपये आहे, वर महागाईभत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, सुधारला जातो. वयाच्या ८० व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये २० टक्के भर पडते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते. म्हातारपणात खर्च वाढतो हे या नियमाला कळते.

पुलगाव किंवा हिंगणघाटच्या गिरणीत आयुष्य घालवलेल्या कामगाराला कर्मचारी पेन्शन योजना १९९५ लागू. तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. तिला महागाईभत्ता नाही. हा किमान आकडा वाढवण्यासाठी पेन्शनरांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली. दोघांचे गुडघे सारखेच झिजले आहेत. पण पहिला म्हातारा सकाळी फिरायला जातो आणि दुसरा रात्री कुठेतरी चौकीदारी करतो. पहिला मुलाला घर बांधायला मदत करतो, दुसरा मुलाच्या घरी कोपऱ्यातली खाट मागतो. हा फरक स्वभावाचा नाही. दर सहा महिन्यांनी वाढणारी आणि जागची न हलणारी, अशा दोन पेन्शनींचा तो फरक आहे.

नियमच घर मोडतो तेव्हा

श्रावणबाळ योजनेसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, सगळ्या कुटुंबाचे. पेन्शनची रक्कम २०१९ आणि २०२३ मध्ये वाढली, तरी ही मर्यादा तिथेच राहिली. ३१२ रुपये रोजाने घरातल्या एका माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले की मर्यादा ओलांडली जाते. मग कमावता मुलगा आईला कागदावर वेगळी काढतो. वेगळे रेशनकार्ड, वेगळा दाखला. आईबापांना कावडीत बसवून नेणाऱ्या श्रावणाचे नाव दिलेल्या योजनेसाठी मुलाला ‘आई माझ्याजवळ राहत नाही’ असे लिहून द्यावे लागते. असे कागद पुढे वाटणीच्या भांडणात आईच्याच विरुद्ध वापरले जाऊ शकतात.

आता मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेशी तुलना करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतही १,५०० रुपयेच मिळतात, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये, म्हणजे श्रावणबाळच्या जवळपास बारापट. वयाची मर्यादा ६५. म्हणजे ६४ वर्षांची बाई अडीच लाखांच्या आतल्या कुटुंबात असली तरी पात्र ठरते आणि ६५ पूर्ण झाली की तिच्यापुढे २१,००० ची भिंत उभी राहते. ज्या वयात मोतीबिंदू, रक्तदाब आणि गुडघे एकदम दार ठोठावतात, त्याच वयात हात आखडता घेतला जातो.

माझे मत

पहिली गोष्ट, ही रक्कम दरवर्षी वाढली पाहिजे आणि ती वाढ मजुरीच्या दराशी जोडलेली असली पाहिजे. रोजगार हमीचा दर दरवर्षी एप्रिलला बदलत आला आहे. त्याच दिवशी पेन्शनही बदलावी. मग निवडणुकीची वाट पाहावी लागणार नाही आणि कोणाचे उपकारही मानावे लागणार नाहीत.

दुसरी गोष्ट, पैसे ठरलेल्या तारखेला यावेत. दोन महिन्यांचे एकदम आले तर ते उधारी फेडण्यात जातात. महिन्याच्या महिन्याला आले तर गोळ्यांची पाकिटे येतात. रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम रोज घेतल्यानेच टिकतो, पेन्शनचेही तसेच आहे.

तिसरी गोष्ट, २१,००० रुपयांची अट बदलावी. एकत्र राहणाऱ्या कुटुंबाला शिक्षा आणि कागदावर फुटणाऱ्याला बक्षीस, हे कुठल्याच शहाण्या धोरणाचे लक्षण नाही.

तुम्ही घरात काय करू शकता?

सरकारचे निर्णय आपल्या हातात नाहीत, पण काही गोष्टी आहेत.

• खाते आजी-आजोबांच्या एकट्याच्या नावाने असू द्या. पैसे काढायला नातू सोबत गेला तरी पासबुक आणि एटीएम कार्ड त्यांच्याच उशाशी राहू द्या.

• आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या हातांचे ठसे झिजतात आणि यंत्र अंगठा घेत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. आधार केंद्रात बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे नव्याने देऊन आधार अद्ययावत करा. हयातीचा दाखला वेळेवर द्या. तो राहिला की पैसे थांबतात आणि पाठोपाठ गोळ्याही.

• पैसे आले की आधी महिन्याच्या गोळ्या, मग बाकीचे. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिथे नसल्या तर जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात.

• सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येते, उत्पन्न कितीही असो. पण ते कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळीचा खर्च त्यातून निघत नाही. म्हणून कार्ड असले तरी पेन्शनची गरज संपत नाही.

• ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. तपासणीची तारीख भाड्यासाठी चुकवू नका.

• आई दोन मुलांकडे आलटून-पालटून राहत असेल, तर औषधांची चिठ्ठी आणि फाईल तिच्या पिशवीतच राहू द्या. दवाखाना शक्यतो बदलू नका.

• पेन्शन सुरू झाली म्हणून मुलांनी औषधाचे पैसे देणे बंद करू नये. आई-वडिलांचा सांभाळ ही २००७ च्या कायद्याने मुलांची जबाबदारी आहे. वर्धा, आर्वी किंवा हिंगणघाटच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे त्यासाठी अर्ज करता येतो. सल्ल्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा मोफत फोन क्रमांक आहे.

आणि कामाबद्दल एक सांगतो. पेन्शन वाढली म्हणून आजीने खाटेवर बसून राहावे, असे कोणताही डॉक्टर सांगणार नाही. अंगणातली भाजी, शेळ्यांना चारा, नातवाला शाळेत सोडणे, हे सगळे तिच्या सांध्यांना आणि मनालाही चांगले आहे. काम करावे, पण आवडेल तेवढे आणि झेपेल तेवढे. दुखण्याची गोळी खाऊन परक्याच्या वावरात वाकायची पाळी तिच्यावर येऊ नये, एवढी तिची पेन्शन असावी.